बाहेरून आलेली खबर

साकोली
सोमवार, ६ ऑक्टोबर

श्री. भूपेंद्र गभणे यांस,

नमस्कार.

शनिवारी कॉलेजच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. आत एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. सही नव्हती. खाली नागपूरच्या तुमच्या संस्थेचं नाव आणि एक फोन नंबर होता. शेवटी लिहिलं होतं : 'फोन फक्त आग लागल्यावर. एरवी कागदावर लिहून टपालानं पाठवा. तुमचं ईमेल कोण कोण वाचतं ते तुम्हाला माहीत नाही.' एवढं वाचलं आणि लिहिणारा कोण ते मला कळलं. लॅबच्या दारावर तू अशाच सूचना चिकटवायचास. नमस्कार-चमत्कार काही नाही, कामाचं तेवढंच.

मी रत्नमाला लंजे, संगणक विभागप्रमुख. तुला नाव सांगायची गरज नाही, पण चार वर्षांनी लिहिते आहे म्हणून सांगितलं.

कागदात म्हटलंय की आमच्या परीक्षा विभागाचा एक पासवर्ड आणि त्यातून सर्व्हरमध्ये शिरायची वाट इंटरनेटवरच्या चोरबाजारात विकायला मांडलेली आहे, १९ सप्टेंबरपासून. मांडणाऱ्या टोळीनं ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या कॉलेजला गाठलं होतं. आधी वीस दिवस गुपचूप आत बसून मुलांची कागदपत्रं बाहेर नेली. मग पोळ्याच्या सुटीत, कॉलेजात चिटपाखरू नसताना, सगळ्या कॉम्प्युटरना कुलूप घातलं. कॉलेजनं खंडणी दिली नाही तेव्हा मुलींच्या घरी फोन सुरू झाले. शिष्यवृत्ती कार्यालयातून बोलतोय म्हणायचे. आधार, पासबुक, जातीचा दाखला, फोटो, सगळं हातात असल्यामुळे लोकांना खरं वाटायचं.

हे खरं आहे का? आणि आमच्याच बाबतीत आहे, याची खात्री कशावरून? आमच्याकडे दोन हजार तीनशे मुलं आहेत. दिवाळीची सुटी १८ तारखेला लागते. परीक्षेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख १६ आहे, तोवर नेट बंद ठेवायचा प्रश्नच येत नाही.

तू याआधी दोन ईमेल पाठवल्या म्हणतोस. त्या आम्हाला मिळालेल्या नाहीत. स्पॅममध्ये गेल्या असाव्यात.

काय शोधायचं आणि कुठं शोधायचं ते कळव. स्पीडपोस्टानं पाठवलंस तर दुसऱ्या दिवशी मिळतं.

मागच्या गोष्टीत सगळ्यांनाच त्रास झाला. तो विषय आत्ता नको.

रत्नमाला लंजे


साकोली
गुरुवार, ९ ऑक्टोबर

भूपेंद्र,

तुझं उत्तर काल दुपारी मिळालं. 'प्रति, विभागप्रमुख.' ठीक आहे.

तू पाठवलेले टोळीचे पाच इंटरनेट पत्ते मी आधी कागदावर उतरवून घेतले. नेटच्या पेटीत कोणता कॉम्प्युटर बाहेर कुठं कुठं बोलतो त्याची नोंद राहते, हे मीच मुलांना शिकवते. पण स्वतःच्या कॉलेजची नोंद शेवटची कधी उघडली ते मला आठवेना. दीड वर्ष झालं होतं. मंगेशला सोबत घेतलं. तो तू गेल्यानंतर लागला, परीक्षा विभागाचा लिपिक आहे. नाकासमोर चालणारा पोरगा आहे.

तू लिहिलं होतंस की आत शिरलेली ही वस्तू रोज ठरलेल्या वेळी मालकाला 'मी इथेच आहे' म्हणून कळवते, ती वेळ शोधा. मी पहाटेच्या नोंदी चाळत बसले. रात्री-पहाटे कधीतरी असेल असं मी गृहीतच धरलं होतं. दोन तास गेले, काही नाही. मग मंगेश म्हणाला, "मॅडम, दुपारच्या पाहू का? डब्याच्या वेळेले सगळे पोट्टे फोनवर असतात, नेट भरून राहते."

एक वाजून दहा मिनिटं. रोज. तुझ्या यादीतला तिसरा पत्ता. १९ सप्टेंबरपासून एकही दिवस चुकलेला नाही, दसऱ्याच्या दिवशीसुद्धा. परीक्षा विभागातला खिडकीजवळचा कॉम्प्युटर. मंगेशचाच.

त्यानं पडद्यावर हात ठेवला, जणू झाकायचं होतं. "माह्यानं झालं काय हे?" म्हणाला. मी विचारल्यावर एकेक निघत गेलं. घरच्या कॉम्प्युटरवर फुकटातलं काहीतरी उतरवून घेतलेलं. त्याच कॉम्प्युटरवरून कधीमधी कॉलेजचं कामही केलेलं. पासवर्ड सगळीकडे एकच. मी त्याला रागावले नाही. हा नियम लिहून लावायचं काम माझं होतं.

आज सकाळी नोंदींचे कागद घेऊन प्राचार्यांकडे गेले. इश्वर सरच आहेत अजून. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत त्यांची. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, चष्मा काढून कागदही बघितले. मग निकालाचं पोर्टल चालवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, सर्व काही ओके आहे सर.

"मॅडम, तुम्हाले हे सांगतलं कोनं?"

"बाहेरून खबर आली सर. नागपूरची एक संस्था आहे. कॉलेजांवर कोण टपलंय, काय विकायला निघालंय, ते गोळा करून ज्याचं त्याला कळवते."

"संस्था म्हणजे मानूस कोन?"

मी म्हटलं, संस्थेकडून पत्र आलं, सही नाही.

"म्हणजे बिनसहीच्या चिठ्ठीवर मी नेट बंद करू? अजून चारशे पोरांचे फॉर्म राहिले. एकाचं वर्ष बुडलं तर त्याचा बाप तुमच्याकडे नाही, माह्याकडे येईल. मानसाचं नाव लेखी द्या. कोन आहे, कितपत भरवशाचा आहे. मग पाहू."

त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मी तुझं नाव घेतलं नाही. ते का, हे तुला कळेल असं वाटतं.

'सापडलेला कॉम्प्युटर एकटाच बंद करू नका, ते सावध होतील' असं तू लिहिलं होतंस म्हणून तो तसाच चालू ठेवलाय. आज एक वाजून दहा मिनिटांनी मी त्या कॉम्प्युटरसमोर उभी होते. पडद्यावर काहीच हललं नाही. मुलं खाली कँटीनमध्ये हसत होती. नोंदीत मात्र एक ओळ वाढली.

पुढे काय करू ते लिही.

रत्नमाला लंजे


साकोली
शनिवार, ११ ऑक्टोबर

भूपेंद्र,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं.

तुझ्या दोन्ही ईमेल मला मिळाल्या होत्या. एक २२ सप्टेंबरची आणि एक २५ ची. पहिलीवर तुझं नाव दिसलं आणि मी ती न उघडता पुसून टाकली. मला वाटलं, तू जुनं काही काढलं असशील. दुसरीचा विषय होता, 'तातडीचं. तुमच्या विद्यार्थ्यांबद्दल.' तीही पुसली. तू कागदावर नाव न घालता पाठवलंस म्हणून मी तो पूर्ण वाचला. तुला हे आधीच कळलं असणार. बारा दिवस गेले, ते माझ्यामुळे.

आता दुसरं.

सोमवारी मी इश्वर सरांना तुझं नाव लेखी देणार आहे. पण नुसतं नाव दिलं तर ते म्हणतील, हा तर तोच चोर. कॉलेजच्या कागदांत तू चोर आहेस आणि त्या कागदावर माझी सही आहे. म्हणून आधी ती सही खोटी होती हे लिहावं लागेल. तिथं लिहिताना हात अडेल, म्हणून आधी तुला लिहिते.

चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत तू माझ्या टेबलाजवळ आलास. तू तेव्हा कंत्राटी प्रयोगशाळा सहायक होतास. म्हणालास, मॅडम, पोर्टलवर स्वतःची गुणपत्रिका उघडून वरच्या पत्त्यातला आकडा बदलला तर दुसऱ्याची उघडते. कोणाचीही. मी म्हटलं, असं कसं होईल? तू करून दाखवलंस. मग मी तुला म्हणाले, "किती खोलवर जाते ते पाहून ठेव, चार-पाच नमुने काढ. मग आपण दोघं मिळून सरांकडे जाऊ."

हे मी म्हणाले होते. शब्दन् शब्द मला आठवतो.

तू नमुने काढलेस आणि मी सुटीवर असताना एकटाच सरांकडे गेलास, कारण तुला दम धरवला नाही. पोर्टलची कंपनी कॉलेजच्या संस्थाचालकांच्या ओळखीतली होती. चौकशी बसली. मला विचारलं, "तुम्ही याले परवानगी दिली होती का?" त्याच महिन्यात विभागप्रमुखाची जागा भरायची होती आणि माझं नाव पुढे होतं. मी म्हणाले, "मला कल्पना नव्हती." टाइप झालेल्या कागदावर सही केली. तू समोरच्या बाकावर बसलेला होतास. एकदा माझ्याकडे बघितलंस आणि मग शेवटपर्यंत खाली बघत राहिलास. काहीच बोलला नाहीस. मॅडमनीच सांगितलं होतं, एवढं म्हणाला असतास तरी चाललं असतं. तू का बोलला नाहीस हे मी चार वर्षं स्वतःला विचारते आहे. तू बोलला नाहीस म्हणून मी सुटले.

त्यानंतर पोलिसांत तक्रार गेली, पेपरात बातमी आली, आंबागडला तुझ्या घरी जमादार गेला. जिल्हा परिषदेतली तुझी निवड झालेली नोकरी चारित्र्य पडताळणीत अडकली. हे सगळं मला लोकांकडून कळत गेलं. तुझ्या वडलांनी तुला घराबाहेर काढलं हे तुमसरच्या एका मुलीनं वर्गात सहज बोलता बोलता सांगितलं. मी फळ्याकडे वळले आणि लिहीत राहिले.

पोर्टलमधलं ते भोक कंपनीनं त्याच उन्हाळ्यात गुपचूप बुजवलं. म्हणजे तुझं खरं होतं हे सगळ्यांना कळलं होतं.

तुझं नाव देण्याआधी मी तुझी परवानगी मागायला हवी. पण तुझं उत्तर येईपर्यंत मंगळवार उजाडेल आणि तेवढा वेळ नाही. म्हणून फक्त कळवते आहे.

रत्नमाला


साकोली
बुधवार, १५ ऑक्टोबर

प्रिय भूपेंद्र,

काल फोनवर तू जे ऐकलंस ते पुन्हा लिहीत नाही. जे तुला दिसलं नाही ते लिहिते.

सोमवारी सकाळी अकरा वाजता मी दोन कागद सरांच्या टेबलावर ठेवले. एकात खबर कोणी दिली ते, दुसऱ्यात चार वर्षांपूर्वीचं. त्यांनी दुसरा कागद दोनदा वाचला. उठून दार लावलं.

"हा कागद घेऊन जा वापस," म्हणाले. "तुमची नोकरी जाईल. संस्थेची इज्जत जाईल. आता हे उकरून कोनाचं भलं होनार आहे?"

"सर, तो चोर नाही म्हटल्याशिवाय त्याची खबर खरी कशी मानाल?"

"खबर खरी मानतो मी. सतरा तारखेले बंद करू सगळं. सोळापर्यंत थांबा. कागद घेऊन जा."

मी कागद घेतला नाही. तिथेच टेबलावर ठेवून बाहेर आले.

काल मंगळवारी सकाळी तुझं पत्र आलं. 'बाजारातून तुमची जाहिरात रविवारी उतरली. याचा अर्थ माल विकला गेला. ऑगस्टमधल्या कॉलेजचं विकल्यापासून कुलूप लागेपर्यंत तीन दिवस गेले होते. सुटीची वाट पाहतील असं धरून चालू नका.' पत्र हातात घेऊन मी जिन्यातच उभी राहिले. खाली फॉर्मची रांग दारापर्यंत आली होती. सर भंडाऱ्याला मीटिंगला गेले होते आणि एकपर्यंत यायचे होते. त्यांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही.

मंगेशला बोलावलं. तू सांगितल्याप्रमाणे तीन लॅपटॉप आम्ही शनिवारीच कोरे करून, नवे पासवर्ड घालून बाजूला ठेवले होते. मी म्हटलं, विद्यापीठाची साइट तर बाहेरची आहे. पोरांच्या फोनवरून नेट घेऊन या लॅपटॉपवर फॉर्म भरता येतील. किती राहिले? त्यानं मोजून सांगितलं, एकशे त्रेचाळीस.

"मॅडम, सरांले विचारलं का?"

"नाही विचारलं. तू पाहिजे तर डबा खायला जा. तुला काही माहीत नव्हतं असं सांग."

तो गेला नाही. एक वाजून पाच मिनिटांनी मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन मुख्य वायर ओढली. पेटीवरचे हिरवे दिवे विझले. मला वाटलं, झालं.

पंधरा मिनिटांनी ग्रंथालयातली चंद्रकलाबाई पळत आली. "मॅडम, माह्या पडद्यावर पुस्तकायची नावं आपोआप बदलून राहिली!"

ग्रंथालयाला वेगळं कनेक्शन आहे हे मी विसरले होते. सात वर्षांपूर्वी मीच ते घेतलं होतं. आपली मोठी वाट बंद झाली हे टोळीच्या लक्षात आलं आणि ते त्या वाटेनं आत आले. मी चंद्रकलाबाईच्या खुर्चीमागे उभी राहून पाहिलं. एकेका फाइलचं नाव जात होतं आणि तिथं आकड्यांची शेपटी लागत होती. तेव्हा तुझा नंबर लावला. तू "कोण?" म्हणालास. मी "लंजे" म्हटलं.   तू फक्त विचारलंस, "कुठं लागली आग?"

तू "मेन स्विच पाडा, आख्ख्या इमारतीचा" म्हणालास तेव्हा मंगेश माझ्या तोंडाकडे बघत होता. मी त्याला मान हलवली. स्विचची खोली मैदानापलीकडे आहे. तो धावत असताना खिडकीतून दिसत होता, आणि पडद्यावर नावं जात होती, आणि तू फोनवर विचारत होतास, "गेली का वीज? गेली का?" पंखे थांबले तेव्हा मी खुर्चीवर बसले. 

ग्रंथालयाची बावीस वर्षांची नोंद गेली. तिची दुसरी प्रत होती, पण त्याच मशीनवर. चंद्रकलाबाई रडली. ती यादी तिनं स्वतः बसून चढवली होती.

परीक्षेचा सर्व्हर वाचला. संध्याकाळी नेट न जोडता तो एकटाच चालू केला. तू म्हणालास त्या जागी फाइलींचं गाठोडं सापडलं. सोमवारी बांधलेलं. दोन हजारांवर मुलांचे आधार, दाखले, पासबुकं, फोटो. सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी स्वतः माउस हातात घेतला आणि एक एक नाव खाली सरकवत गेले.  मग म्हणाले, "हे सारं आज जानार होतं?"

"हो सर. एक दहाला."

ते उठून खाली गेले. मला वाटलं, घरी गेले. थोड्या वेळानं खिडकीतून बघितलं तर ते मैदानात मुलांच्या रांगेत उभे होते. स्वतःचा फोन एका मुलीच्या हातात देत होते, नेट घ्यायला. काल एकशे दोन फॉर्म झाले. उरलेले आज दुपारपर्यंत.

तू रात्रीपर्यंत आमच्या नोंदी तपासून मंगेशला सांगितलंस त्याप्रमाणे एक छोटं गाठोडं आधीच गेलेलं आहे, एकशे सव्वीस जणांचं. त्या सगळ्यांच्या घरी आज आम्ही फोन करतो आहोत. 'तुमच्या मुलाची कागदपत्रं आमच्याकडून चोरीला गेली. शिष्यवृत्तीचा म्हणून कोणाचा फोन आला तर काही सांगू नका, आम्हाला कळवा.' प्राचार्यांनी पहिले दहा फोन स्वतः केले. लाखनीच्या टीनाची आई मला म्हणाली, "आमी तुमच्या भरवशावर कागद देल्ले होते ना, मॅडम."  याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर लिही.

रत्नमाला


साकोली
मंगळवार, २८ ऑक्टोबर

प्रिय भूपेंद्र,

दिवाळी झाली. चार गोष्टी कळवायच्या आहेत.

माझं विभागप्रमुखपद गेलं. चौकशी लागली आहे. मी दिलेला कागद सरांनी कॉलेजच्या संस्थेकडे पाठवला. पाठवण्याआधी मला बोलावून म्हणाले, "अजूनही विचार करा." मी म्हटलं, केला. मग त्यांनी त्याच्याखाली स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिल्या : चौकशी माझ्या अध्यक्षतेखाली झाली होती, मीही अधिक विचारपूस केली नाही. मला हे त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं.

साकोलीच्या पोलीस ठाण्यात जबाब दिला. तुझ्याविरुद्धची तक्रार खोट्या माहितीवर होती असा. त्याची प्रत सोबत आहे. त्या प्रतीचं काय करायचं, कुठं दाखवायची, ते तू ठरव. गेलेली नोकरी त्यानं परत येणार नाही हे मला समजतं.

आमच्या सर्व्हरवर जे सापडलं ते सगळं, दोन नवे पत्तेसुद्धा, तुमच्या संस्थेला पाठवलं हे तुला माहीतच आहे. कॉलेजचं नाव लिहू की नको यावर इथं अर्धा दिवस वाद झाला. कॉलेजच्या संस्थेतले एक जण म्हणाले, आपली बदनामी आपणच कायले करायची? सर म्हणाले, "आपल्याले दुसऱ्याची खबर मिळाली म्हणून आपन वाचलो. त्या कॉलेजनं लपवलं असतं तर?" नावासकट गेलं. आणि शनिवारी तुमच्याकडून कळलं की शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात त्या दोन्हींपैकी एक पत्ता सापडला, शिरल्यापासून चौथ्याच दिवशी. मंगेशनं ते पत्र दोनदा वाचलं. मग खिशातून पेढा काढून माझ्यापुढे केला. दिवाळीचा होता, जरा कडक झाला होता.

आता चौथी गोष्ट. तुला न विचारता केली.

रविवारी मी आंबागडला गेले. तुमसरहून ऑटो केला. तुझे बाबा किल्ल्याच्या बाजूच्या धानाच्या बांधीत होते. हलका धान कापून झालाय, पेंढ्या बांधणं चाललं होतं. तुझी आई घरून पाणी घेऊन आली. मी नाव सांगितलं तशी ती लोटा हातात घेऊन जागच्या जागी उभी राहिली. तिला नाव माहीत होतं.

मी शेताच्या कडेच्या धुऱ्यावर बसले आणि तुझ्या बाबांना, टिकारामजींना, सगळं सांगितलं. पोर्टल, आकडा, मी तुला काय म्हणाले, चौकशीत काय म्हणाले. तू गुन्हा केला नव्हतास, मी केला. त्यांनी पेंढी बांधणं थांबवलं नाही. मी बोलत होते आणि ते बांधत होते. माझं संपलं तेव्हा त्यांच्या हातातल्या पेंढीची गाठ सुटून गेली.

"चार सालं," ते म्हणाले. "चार सालं मी पोराले दारात उभं नाही केलं, जी. गावात खाले मान घालून फिरलो. आन तुमी आता येऊन सांगून राहिल्या."

मी "हो" म्हटलं.

"आतापर्यंत काहून नाही आल्या?"

"भीत होते."

"नोकरीले?"

"हो."

तुझी आई मधे बोलली. मला नाही, त्यांना. "मी पयल्या दिवशी सांगतलं होतं तुमाले. माहा पोरगा असा नाही म्हणून. तुमी जमादाराचं ऐकलं." एवढं बोलून ती पाण्याचा लोटा माझ्यापुढे ठेवून घराकडे निघून गेली. मी पाणी प्याले. मला ते पिण्याचा हक्क नव्हता, पण तहान लागली होती.

टिकारामजींनी हातातली पेंढी खाली ठेवली. मग म्हणाले, "कागद हाय का तुमच्यापाशी? माहं लिहिणं खराब हाय. मी सांगतो, तुमी लिहा. आपल्या मनानं काही घालू नोका."

पर्समधल्या वहीचा कागद होता. त्यांनी सांगितलं ते खाली तसंच उतरवते. मूळ कागद सोबत आहे, त्यावर त्यांची सही आहे.

'भूपेंद्र,

मी तुहा बाप टिकाराम. मॅडम येऊन गेल्या. त्यायनं सारं सांगतलं. त्यायले मी काही बोललो नाही, कारन मीबी तेच केलं. तुले इचारलं नाही. तू सांगाले आल्ता तं मी दार लावलं. तू भाईर किती वेळ उभा होता ते मले मालूम हाय, मी आतून पाहत होतो.

तुही आई बरी हाय. डोळ्याचं ऑपरेशन झालं. तुले कळवू नोको म्हनून मीच सांगतलं होतं.

धान यंदा बरा हाय. शनिवारी चुरना हाय, धान मळाचा हाय. मानसं कमी पडतेत. येशील तं ये. तुमसरच्या स्टँडवर मी सकाळच्या पयल्या गाडीपासून राहीन. मंग ज्या गाडीनं येशील त्या गाडीनं ये.

टिकाराम'

एवढं झाल्यावर मी विचारलं, "अजून काही?" म्हणाले, "पुरे. वाचून दाखवा." मी वाचून दाखवलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग कागद हातात घेतला, बोटानं ओळ शोधली आणि माझ्याकडून पेन मागून घेतलं.

'येशील तं' हे दोन शब्द त्यांनी स्वतः खोडले. "'ये' एवढंच राहू द्या," म्हणाले.

रत्नमाला लंजे